पत्ता असलेला डोंगर

२० फेब्रुवारी २०१९

बाबांनी आज शब्द दिला. पुरता नाही, अर्धाच. पण आमच्या बाबांच्या तोंडून अर्धा शब्द निघणं हेही नवलच, म्हणून लगेच लिहून ठेवतेय. उद्या "मी कधी म्हणालो?" म्हणून मोकळे होतील.

झालं असं, झेजियांगातल्या चुनआनहून लियान आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण. धरणाचं पाणी आलं तेव्हा आमचं अख्खं यूतान गाव बुडालं आणि आमचं घर डोंगर ओलांडून इकडे जिंगदेझेनला आलं. आत्याचे आईवडील मात्र तिथेच वरच्या उतारावर सरकले. आता त्या लोकांनी धरणाच्या तळ्याकाठी यू घराण्याच्या पूर्वजांचं नवं देऊळ बांधलंय. छिंगमिंगला, पूर्वजांच्या सणाला, ते उघडायचं. आत्या म्हणाली, "तुम्ही भांड्यांच्या गावात राहता ना? मग तुमच्याकडून एक मोठा रांजण पाहिजे. त्यावर आपलं यूतान. बुडायच्या आधीचं. आणि दादाला घेऊन ये गं. साठ वर्षं झाली, किती रुसायचं माणसाने?"

बाबा मागे बसून शेंगा सोलत होते. "मी येत नाही," म्हणाले. आई होती तेव्हापासून हेच ऐकतेय. कुणाचं लग्न असो, मयत असो, चुनआनचं नाव निघालं की "मी येत नाही".

फोन ठेवून मी म्हटलं, "बाबा, गाव मीच काढणार. रेघसुद्धा माझीच."

तेव्हा हसले. "तू? तू तर पाणी भरतेस."

लागलं मला. खरं आहे म्हणून जास्तच लागलं. आमच्या कामात एक माणूस डोंगरांची, झाडांची रेघ काढतो आणि दुसरं माणूस त्या रेघांच्या आत पातळ निळं पाणी भरतं. रेघ आमच्या कारखान्यातल्या उस्तादांची, कुआंग शिफूंची, पाणी माझं. धुकं, सावली, लांबचा डोंगर, नदी, सगळं मी करते आणि बुडाशी नाव कुआंग शिफूंचं येतं. सगळीकडे असंच चालतं, त्यांचा काही दोष नाही. पण म्हणून घरातल्या माणसाने बोलून दाखवायचं?

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी बाबांनी शेंगांची टरफलं गोळा केली आणि म्हणाले, "बरं. यूतान जसं होतं तसं काढ. बरोबर निघालं तर येईन."

"जसं होतं म्हणजे कसं?"

"जसं मी पाहिलं तसं."

ठरलं तर. आता काढतेच.

२१ फेब्रुवारी

कुआंग शिफूंना सांगितलं. त्यांनी कुंचला खाली ठेवला, चहा ओतला, प्यायले, मग बोलले. ही त्यांची पद्धत. समोरचा तोवर उकळत बसतो.

"म्हणजे तुला डोंगर काढायचेत."

"हो."

"माझे डोंगर वाईट आहेत?"

"तुमचे डोंगर छान आहेत. पण ते कुठलेच नाहीत. तीन शिखरं, एक पूल, काठी टेकत जाणारा म्हातारा. मी आयुष्यभर त्या म्हाताऱ्याच्या अंगरख्यात पाणी भरतेय, तो अजून पुलापलीकडे गेला नाही. मला पत्ता असलेला डोंगर काढायचाय."

"डोंगराला पत्ता कशाला? पोस्टमन जाणार आहे?"

सगळ्या कारखान्यात हशा. मीही हसले, पण रागच आला. वर म्हणतात, "तू रेघ काढायला लागलीस तर माझं पाणी कोण भरणार?" यांना आपल्याच कामाची पडलीय. बायको जाऊन चार वर्षं झाली, घरी वाट बघणारं कुणी नाही, कारखाना एके कारखाना. रोज सकाळी येताना माझ्यासाठीही पिठाची गरम वडी आणतात, तीसुद्धा मी वेळेवर कामाला बसावं म्हणूनच.

२४ फेब्रुवारी

रविवार. बाबांना पुढ्यात बसवलं. मक्याची भाकरी करून घातली, चुनआनची, आत सुकवलेली भाजी घालून. इथले लोक अजून हसतात आम्हाला, मक्यावाले म्हणून. मी जन्मले इथे, शाळा इथे, हात इथल्या मातीत मळलेले, तरी बाजारात भांडण झालं की मी "झेजियांगवाली". आणि आत्याशी तिकडच्या बोलीत बोलले की ती खो खो हसते, म्हणते तू अगदी तिकडची, जिआंगशीची झालीस. इकडची ना तिकडची. जाऊ दे.

बाबांनी भाकरी खाल्ली आणि सांगायला लागले. मागे मोठा डोंगर, त्याला दोन खांदे, डावा जरा उतरता. पुढे नदीचं वळण. वळणावर दगडी पायऱ्या. असं भराभर सांगत गेले, मला वाटलं आता काय, झालंच काम. मी कच्च्या मातीच्या थाळीवर काढत होते. डोंगरावर झाडी घातली.

"झाडी नव्हती."

"डोंगरावर?"

"बोडका होता."

बरं, बोडका तर बोडका. मग वेशीवर झाड काढलं. प्रत्येक गावाच्या वेशीवर कापराचं जुनं झाड असतंच, त्यात सांगायचं काय. आमचा हात आपोआप तिथे जातो. बाबा म्हणाले, "हे काय?"

"वेशीवरचं झाड."

"तिथे झाड नव्हतं."

मी कुंचला खाली ठेवला. बाबांचं नाव झांगगेन. म्हणजे कापराच्या झाडाचं मूळ. तिकडे सारखं आजारी पडणारं मूल असलं की वेशीवरच्या झाडाच्या ओटीत घालायचे. झाड त्याचा मानलेला बाप. मग त्याच्या नावात झाड यायचं, आणि नव्या वर्षाला ते मूल झाडापुढे उदबत्ती लावून पाया पडायचं. हे मला आजीने शंभरदा सांगितलंय. म्हटलं, "बाबा, तुमच्या नावातच झाड आहे आणि म्हणता झाड नव्हतं?"

"चूक काढलीस," म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

२७ फेब्रुवारी

दुसरी थाळी. चूक. घरांवर छपरं काढली म्हणून चूक. "भिंती काढ. छपरं नकोत." छपराशिवाय घर कसं असेल हो?

४ मार्च

भट्टीतून पहिली थाळी निघाली. भाजायच्या आधी आपला रंग काळपट राखाडी दिसतो, भाजला की निळा होतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं इथे. बाबांनी कच्ची थाळी बघून "हं, रंग बरोबर आहे" म्हटलं होतं. आज भाजलेली दाखवली तर म्हणे, "एवढं निळं नव्हतं. आधीचं बरं होतं. राख होती तशी."

या माणसाने साठ वर्षं जिंगदेझेनमध्ये काढली!

रेघही सरळ येत नाहीये. हात हलतो. पाणी भरताना कधी हलत नाही. जाड पोटाच्या कुंचल्यातून थेंब सोडायचा आणि तो थेंब कच्च्या मातीवरून नुसता ओढत न्यायचा, कुंचला टेकवायचा नाही. माती पाणी शोषायच्या आत पुढे जायचं. ते मी बोलता बोलता करते. पण रेघ म्हटली की मनगट ताठ होतं. कुआंग शिफूंनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, "डोंगराला थंडी वाजतेय वाटतं." घरी आल्यावर मला हसू आलं, तिथे नाही आलं.

११ मार्च

बाबांना डॉक्टरकडे नेलं. न सांगता, रक्तदाबाचं निमित्त करून. मला सरळ वाटायला लागलंय की यांचं डोकं गेलं. झाड नाही, छपरं नाहीत, डोंगर बोडका. आत्या तर फोनवर म्हणते झाड एवढं होतं की सात जणांनी हात धरले तरी कवेत यायचं नाही. तिच्याकडे अजून त्याच्या सावलीच्या गोष्टी आहेत.

डॉक्टर पोरगेलेसे. त्यांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" बाबा म्हणाले, "सोमवार. आणि तुमच्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे." मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तर बाबा थांबेचनात, डॉक्टरांनाच म्हणावं लागलं बास. बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "तुझं तपासून घ्यायचं होतं ना एकदा, पैसे भरलेच आहेत तर." तोंडात मारल्यासारखी झाले.

म्हणजे डोकं शाबूत आहे. म्हणजे मुद्दाम करतायत! आता कळलं मला. गावी जायचं नाही म्हणून प्रत्येक चित्रात चूक काढायची. मी जन्मभर काढत राहीन आणि हे जन्मभर चूक म्हणत राहतील. वा रे वा. नवऱ्याला शेनझेनला फोन केला, तो म्हणाला, "तू तरी कशाला त्यांच्या नादी लागतेस? देवळाला रांजण हवाय, छानसं काहीतरी काढून दे." याला सगळंच सोपं. वर्षातून एकदा येतो, बाबांशी बुद्धिबळ खेळतो, हरतो आणि जातो.

१५ मार्च

रांजण आला. हातगाडीवरून, दोघांनी मिळून उतरवला. माझ्या कमरेएवढा, कच्चा, पांढराफटक. बोट लावलं तर खडूसारखं लागतं. छिंगमिंग आता जवळ आलंय. झिलई, भट्टी, वाहतूक, सगळं धरलं तर आता रंगवायलाच बसायला हवं.

कुआंग शिफू रांजणाभोवती फिरले. म्हणाले, "मी रेघ काढून देऊ? तुझ्या बाबांना सांग तूच काढलीस. बुडाशी नाव तुझंच घाल."

त्यांनी असं कुणाला कधी म्हटल्याचं ऐकलं नाही. मग मला वाटलं, म्हणजे यांनाही खात्री आहे की मला जमणार नाही! म्हटलं, "नको. ओरडा खायचा तर माझाच खाईन."

"जशी तुझी मर्जी," म्हणाले आणि दिवसभर माझ्या बाजूला फिरकले नाहीत. रुसायचं काय त्यात.

मी ठरवलंय. झाडासकट काढायचं. छपरं, झाडी, वेशीवरचं झाड, सगळं. आत्याला जे हवंय ते. बाबा येवोत न येवोत. मात्र लिहिलेलं पुन्हा वाचलं. रांजण काढायचा तो बाबांना न्यायचं म्हणून, आणि बाबांना वगळून काढायचा?

१८ मार्च

कसं लिहू.

सकाळी मागच्या अंगणात सरपण फोडत होते. हे काम आमच्याकडे आधी आई करायची, आता मी करते. बाबा घरातलं सगळं करतात, भांडी घासतात, डुकराचं मटण वाफवतात, पण लाकूड फोडायला हात लावत नाहीत. आळस, दुसरं काय. आई याच्यावरून भांडायची. आज ओलं लाकूड होतं, कुऱ्हाड अडकली, आणि बाबा दारातून बघत उभे. माझी तार सटकली.

"बघताय काय? या की! चित्रात चुका काढायला येतं, लाकूड फोडायला येत नाही! यायचं नाही ना तुम्हाला गावी? मग सरळ सांगा. झाड नव्हतं म्हणे. सगळं गाव म्हणतं झाड होतं, तुम्ही एकटे म्हणता नव्हतं. सगळे खोटे, तुम्ही एकटे खरे?"

बाबा म्हणाले, "नव्हतं म्हणतोय ना. बुंधा होता."

"बुंधा होता म्हणजे आधी झाड होतं!"

"आधी होतं. मग मी तोडलं."

कुऱ्हाड तशीच लाकडात अडकलेली. बाबा पायरीवर बसले. मीही बसले, कुठे बसले ते आठवत नाही.

हळूहळू सांगितलं त्यांनी, मध्येच थांबत, चुनआनच्या बोलीत. पाणी यायच्या आधी सगळं साफ करायचा हुकूम होता. छपरं उतरवायची, वासे जाळायचे, डोंगराच्या उतारावरची झाडं तोडायची, नाहीतर पुढे पाण्यात नावा अडकतील. गावातली तरणी पोरं तोडणाऱ्या टोळीत. बाबा सतरा वर्षांचे. डोंगर झाला, घरं झाली, आपलं स्वतःचं घरही झालं. वेशीवरच्या झाडाला मात्र कुणी हात लावेना. सगळ्या गावाने त्याला नमस्कार केलेला. शेवटी टोळीचा मुकादम म्हणाला, बाहेरची माणसं बोलावतो.

"मग मी म्हटलं, मी तोडतो," बाबा म्हणाले. "माझा बाप होता तो. परक्याने कशाला तोडायचा?"

किती दिवस लागले ते सांगितलं नाही. शेवटी पडलं तेव्हा सगळ्या खोऱ्यात कापराचा वास भरला होता म्हणाले, आणि तो वास अंगावर घेऊनच ते इकडे आले. मग शेजारच्या बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी पायरीच्या दगडावर गोल काढला. मोठा थोरला. "एवढा बुंधा," म्हणाले. ऊन होतं. गोल सुकून गेला.

मग म्हणाले, "लियान म्हणाली बुडायच्या आधीचं काढ. आधीचं मला दिसतच नाही गं. डोळे मिटले की छपरं नसलेलंच दिसतं. मी काय करू?"

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. एवढंच राहून राहून मनात येतंय.

१९ मार्च

काही काढलं नाही. लाकूड फोडलं नाही. गॅसवर भात केला.

२२ मार्च

काढलं. तसंच काढलं, जसं त्यांनी पाहिलं. बोडका डोंगर, दोन खांदे, डावा उतरता. नदीचं वळण, पायऱ्या. भिंतींच्या रांगा, वर काही नाही. आणि वेशीवर, रांजणाच्या पोटावर बरोबर मध्ये, बुंधा. सपाट कापलेला.

रेघ काढताना हात ताठ झाला नाही. का ते माहीत नाही. पहिल्यांदाच मला काय काढायचंय हे ठाऊक होतं म्हणून असेल. काम संपलं तेव्हा बघितलं, कुआंग शिफू मागे उभे होते, हातातली वडी गार झालेली.

"लानफेन," म्हणाले, "पूर्वजांच्या देवळात हे कोण ठेवून घेणार? लोक फुलं वाहायला येतील आणि त्यांना आपलं गाव सोलून काढलेलं दिसणार."

म्हटलं, "तसंच होतं ते."

मग आपल्या जागेवर जाऊन एक कुंचला घेऊन आले. त्यांचा रेघेचा, लांडग्याच्या केसांचा, ज्याला ते कुणाला शिवू देत नाहीत. माझ्या डब्यात ठेवला आणि म्हणाले, "तुझा फाटलाय." माझा काही फाटलेला नव्हता.

२४ मार्च

कुआंग शिफू आपल्या तीनचाकीवर बाबांना कारखान्यात घेऊन आले. रविवार, कुणी नव्हतं. बाबांनी चष्मा पुसला आणि रांजणाभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. मी दाराशी उभी. असं वाटत होतं की परीक्षेचा निकाल आहे आणि मला पास व्हायचंय की नापास तेच कळत नाही.

बुंध्यापुढे थांबले. वाकले. कुआंग शिफूंनी स्टूल पुढे केलं, बसले.

"बरोबर आहे?" शेवटी मीच विचारलं.

"बरोबर आहे," म्हणाले. मग म्हणाले, "चुकलं."

"आता काय चुकलं, बाबा?"

"मुलं येतील ना तिथे. लियानची नातवंडं. त्यांना काय दाखवायचं, बुंधा?" त्यांनी हात वर केला, खूप वर, स्टुलावरून उठून टाचा उंचावून. "झाड काढ. इथून निघतं. इथे दोन फांद्या फुटतात, ही नदीकडे जाते, तिच्यावर आम्ही चढायचो. इथे ढोली, तिच्यात घुबड. पानं खूप. आकाश दिसायचं नाही खालून."

मी म्हटलं, "तुम्हाला तर आधीचं दिसत नव्हतं."

"आता बुंधा दिसला ना," म्हणाले. "तू काढ. मी येतो."

मी शिफूंचा कुंचला घेतला. बुंध्यावरूनच खोड वर नेलं. बाबा बोट दाखवत गेले आणि मी काढत गेले. पुसायचं नाही, थांबायचं नाही, माती शोषून घेते. बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. भिंती तशाच, डोंगर तसाच बोडका. छपरांबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. फक्त झाड आलं. मग पानांत पाणी भरलं. ते तर माझंच काम.

शेवटी राहिली ती बुंध्याची वरची कड. खोडावर आडवी, सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुआंग शिफूंनी पातं काढलं. "खरवडून देतो. भाजल्यावर उठून दिसेल ती."

मी बाबांकडे बघितलं. ते डोळे पुसत होते, चष्मा खिशात घालून. म्हटलं, "राहू द्या."

२५ मार्च

रांजण उलटा करून बुडाशी नाव लिहिलं. यू लानफेन. माझंच नाव, आणि तिथेच हात हलला. कुआंग शिफू म्हणाले, "कुणी बुड बघत नाही." मग म्हणाले, "मी बघीन." आणि झिलईवाल्याला हाक मारायला निघून गेले. हे असं अर्धवट का बोलतात कळत नाही.

२९ मार्च

भट्टी उघडली. मी आत बघितलंच नाही, शिफूंना म्हटलं तुम्हीच बघा. आतून आवाज आला, "ये, मरायला नाही लागलंय काही." तडा नाही, डाग नाही. झाड इतकं निळं निघालंय की डोंगर त्यापुढे फिका पडलाय. आणि खोडावर ती आडवी रेघ. बारीक, पण आहे. सगळ्यात आधी नजर तिथेच जाते. माझी तरी जाते. आता धाकधूक सुरू झालीय. आत्याला काय सांगू? बोडकं गाव आणि त्यात एकच झाड, तेही कापल्यासारखं. साठ वर्षांनी माणसाला गावी न्यायचं आणि त्याची बेअब्रू रांजणावर लिहून न्यायची? हे माझ्या आधी का ध्यानात आलं नाही?

शिफूंना विचारलं, वरून दुसऱ्या रंगाने झाकता येईल का. म्हणाले, "येईल. झाकायची का?"

२ एप्रिल

बाबांनी नवे बूट घेतले. परत केले, चावतात म्हणून. जुनेच घालणार.

५ एप्रिल

कुआंग शिफूंनी कुणाची तरी गाडी मिळवली, रांजण रजयांत गुंडाळून मध्ये ठेवला आणि आम्ही तिघं दुपारच्या जेवणाआधी पोचलोसुद्धा. इतकं जवळ होतं हे. वाटेत बाबा एकदाच बोलले, शिफूंना म्हणाले, "हळू चालवा." शिफू हळूच चालवत होते.

लियान आत्या रस्त्यावरच उभी होती. बाबांपेक्षा पाच वर्षांनी लहान, पण पाठीतून वाकलेली. बाबांना बघून म्हणाली, "आलास? मला वाटलं आता माझ्याच तेराव्याला येतोस." बाबा म्हणाले, "तोंड अजून तसंच आहे." आणि दोघं एकमेकांचे हात धरून उभे राहिले, सोडेनात.

देवळात गर्दी. रांजण पूर्वजांची नावं कोरलेल्या पाट्यांपुढे ठेवला, रजया काढल्या. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, छपरं कुठायत?" दुसरा म्हणाला, "ते दोन खांद्यांचं शिखर बघ, त्याचं आता बेट झालंय ना, ते." आणि मग म्हातारी माणसं पुढे आली आणि प्रत्येकाने आधी झाडालाच हात लावला. एक आजी तर नमस्कार करून गेली. मला जरा बरं वाटायला लागलं, तेवढ्यात आत्या वाकली आणि तिने त्या आडव्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हे काय गं? चीर गेलीय?"

सगळे वाकून बघायला लागले. मी घाईघाईने म्हटलं, "नाही आत्या, माझा हात हलला तिथे. चूक झाली माझी."

"हिचा हात हलत नाही," बाबा म्हणाले.

मोठ्याने म्हणाले. सगळ्या देवळाला ऐकू गेलं. जन्मात माझ्या कामाबद्दल चांगला शब्द काढला नव्हता त्यांनी, आणि मला हसावं की रडावं कळेना. मग पाट्यांकडे तोंड करून, तशाच आवाजात म्हणाले, "कुऱ्हाडीचा घाव आहे तो. कुऱ्हाड माझी होती. झाड मी तोडलं."

बाहेर फटाके वाजत होते. मी आत्याकडे बघितलं नाही, बघवेना.

आत्या म्हणाली, "माहीत आहे रे दादा. मी तिथेच उभी होते. तू रडत होतास आणि तोडत होतास. हातांना फोड आले होते, माझ्या आईने तेल लावलं होतं, विसरलास? इथे सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला वाटलं तू आमच्यावर रुसलास, आम्ही कुणी पुढे आलो नाही म्हणून." तिने बाहीने डोळे पुसले आणि बाबांना दंडाला धरून ओढलं. "चल. भाकऱ्या निवतायत."

बाबांनी मक्याच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या, माझ्यापेक्षा आत्याची चांगली म्हणाले. कुआंग शिफूंनीही खाल्ली आणि इमानदारीत सांगितलं की त्यांना आवडली नाही.

नंतर बाबा तळ्याकाठी जाऊन बसले. मी शेजारी बसले. म्हटलं, "बाबा, वेस कुठे असेल आता?" त्यांनी आधी दोन खांद्यांचं ते बेट बघितलं, मग नजर खाली आणत आणत बोट एका जागी थांबवलं. तिथे नुसतं पाणी होतं. सणाला आलेल्या लोकांची एक नाव त्या बाजूने येत होती. बाबांचं बोट तसंच होतं. नाव त्या जागेवरून आली, कुठेही न अडकता पुढे गेली, आणि मग त्यांनी हात खाली घेतला.